सातवी हाक

खात्यात तिला सगळे चाळणबाई म्हणायचे. तोंडावर नाही, मागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. धान्य चाळावं तसे ती आवाज चाळायची. बावीस वर्षं हाच उद्योग.

काम ऐकायला भारदस्त, बघायला अगदी रटाळ. बोटी, किनाऱ्यावरची केंद्रं, हवामानवाले, सगळे वायरलेसवर बोलत असतात. त्यातलं निम्मं हल्ली माणसं बोलतच नाहीत, यंत्रं बोलतात. एक जाड सूर, एक बारीक सूर. त्या दोघांची भराभर अदलाबदल करून यंत्र निरोप पाठवतं आणि आपल्याला नुसतं ट्टर्रर्र ऐकू येतं. किनाऱ्यावरचं केंद्र जे जे कानावर पडेल ते जसंच्या तसं डिस्कवर भरून ठेवायचं. आठवड्याच्या आठवड्याला त्या डिस्क चाळणबाईकडे यायच्या आणि ती सॉफ्टवेअर लावून, कोणत्या यंत्राने कुणाला काय सांगितलं ते उलगडून कागदावर उतरवायची. कुणी कुणाला धडकलं, कुणी तक्रार केली, चौकशी लागली, की तिचा कागद लागायचा. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. "आमचं म्हणजे वरातीमागून घोडं," असं तीच हसून सांगायची.

खोली दुसऱ्या मजल्यावर. एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या पाइपांकडे तोंड करून. दोन संगणक, एक पंखा, आणि एक हेडफोन. त्याच्या कानावरची गादी फाटली तेव्हा तिने नवऱ्याचा जुना मोजा कापून शिवली होती. खात्याकडे नवा मागायचा तर सात सह्या. कोण त्या नादाला लागणार! नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. "दिवसभर मी टिकटिक ऐकतो, ही टरटर ऐकते, घरात बोलायचं कुणी?" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

ती या खात्यात आली टायपिस्ट म्हणून. तिथे एक म्हातारा ऑपरेटर होता, सदा खेकसणारा. त्याने हिचा कान ओळखला आणि शेजारी बसवून शिकवलं. त्याचा एकच नियम होता. आधी डोळे, मग कान, मग यंत्र. म्हणजे नोंद आली की आधी तिचं चित्र बघायचं. पडद्यावर वरून खाली सरकत जाणारं ते चित्र, त्याला ही मंडळी धबधबा म्हणतात. कुठे काही बोललं गेलं असेल तर त्या करड्या धबधब्यात एखादा उजळ दोरा दिसतो. दोरा दिसला की ऐकायचं. आणि ऐकून झालं की मगच सॉफ्टवेअरला उलगडायला सांगायचं. म्हातारा गेला, पण हिने तो नियम नव्या पोरापोरींना घोकून घोकून पाठ करायला लावला.

आणि स्वतः मोडला. नियमांचं असंच असतं. दुसऱ्याने मोडला तर बेशिस्त, आपण मोडला तर कामाचा रेटा.

झालं काय, की डिस्क वाढत गेल्या आणि माणसं तेवढीच राहिली. नोंदी एकेक बघणं जमेना, तेव्हा ती चाळीस-चाळीस नोंदी एकदम सॉफ्टवेअरच्या घशात घालू लागली. प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक पडताळ्याचा आकडा असतो. तो जुळला तर निरोप शुद्ध, नाही तर काहीतरी बिघाड. अशुद्ध निरोपांनी पडदा भरून जायचा, म्हणून तिने कधीतरी एका चौकोनात टिचकी मारली: 'फक्त शुद्ध निरोप दाखवा'. पडदा स्वच्छ झाला. टिचकी तशीच राहिली. सहा वर्षं.

आता इंजिनवाल्याकडे येऊ. पंचावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, मितभाषी माणूस. एका छोट्या ओढबोटीवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या टगवर, इंजिन सांभाळायचा. बोटीवर माणसं दोनच, कप्तान आणि हा. कप्तान म्हणजे त्याचाच मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. एका दुपारी, किनाऱ्यापासून बरंच आत असताना, बोटीच्या पोटात पाणी शिरलं. कप्तान पंपाकडे धावला आणि त्याने इंजिनवाल्याला सांगितलं, "लाल बटण दाब." लांब पल्ल्याच्या वायरलेसवर ते बटण असतं. पाच सेकंद दाबून धरलं की यंत्र आपणहून हाक मारतं: मी अमुक बोट, अमुक ठिकाणी, बुडते आहे. किनाऱ्याने उत्तर दिलं की यंत्रात टिकटिक होते, मग माणसांनी बोलायचं. उत्तर येईपर्यंत ते दर चार मिनिटांनी तीच हाक मारत राहतं.

इंजिनवाल्याने बटण दाबलं. मग कप्तान म्हणाला, "तू खाली उतर, तराफ्याची दोरी धर, मी आलोच." हा उतरला. कप्तान आला नाही. बोट आडवी झाली आणि दोरी हातातून सुटली. संध्याकाळी एका मच्छीमार होडीने याला उचललं. कप्तान तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशी बसली. तीन साहेब, एक लांब टेबल. इंजिनवाल्याने झालं तसं सांगितलं. साहेबांनी चाळणबाईचा कागद काढला. त्यावर एकच ओळ होती: 'सदर कालावधीत मदतीची कोणतीही हाक आढळली नाही.' खाली तिची सही. वायरलेस तर समुद्राच्या तळाला गेलेला. मग उरलं काय? बटण दाबलंच नाही, हा घाबरून आधी तराफ्यावर उतरला आणि आता अंगाशी आल्यावर थापा मारतोय, असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. त्याचा परवाना काढून घेतला. परवान्याचं दुःख त्याने गिळलं असतं. पण बहिणीने तो कागद वाचला आणि भावाला दार बंद केलं. ती म्हणाली, "माझा नवरा सोडून आलास, ते एक वेळ समजलं असतं. वर खोटं बोललास?"

तो दर रविवारी तिच्या दारात जायचा. ती आतून कडी घालायची. पाचदहा मिनिटं जिन्यात उभा राहून, बंद दाराला तेच पुन्हा सांगून तो परत यायचा. असे सात महिने.

सात महिन्यांनी तो चाळणबाईच्या खोलीत आला. भांडायला नाही. कपाळाला आठ्या नाहीत, आवाज चढलेला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "बाई, मला एवढंच बघायचंय, की तुमच्या यंत्राला कसं कळलं."

चाळणबाईला राग आला. बावीस वर्षांत तिच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हा वंगणाच्या हाताचा माणूस तिला कसं कळलं ते विचारत होता. पण तिला त्याची दयाही आली, आणि दयेपेक्षा घाईच जास्त होती. "बसा," ती म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? डोळ्यांनीच बघा."

मूळ नोंद ती कधी पुसायची नाही, हे तिचं चांगलं होतं. तिने त्या दुपारची नोंद काढली, प्रत केली आणि धबधबा सुरू केला. सात महिन्यांत ही नोंद ती पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होती. हे तिच्या लक्षात आलं, पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"ही वेळ. हा समुद्राचा आवाज समजा. काही आहे का? काही नाही."

इंजिनवाला चष्मा वर करून पडद्याजवळ वाकला. चार बारा झाले. करड्या पडद्यावर मधोमध दोन बारीक समांतर दोरे उमटले, पाऊण मिनिट टिकले आणि विझले.

"हे काय?" त्याने विचारलं.

चाळणबाईने हेडफोनची वायर काढली आणि स्पीकरवर तेवढाच तुकडा लावला. ट्टर्रर्र, ट्टर्रर्र, ट्टर्रर्र.

इंजिनवाला ताडकन उभा राहिला. "हाच! बाई, हाच तो! दर सोमवारी चाचणीचं बटण दाबायचो तेव्हा असाच वाजायचा. अकरा वर्षं ऐकलाय मी हा आवाज. झोपेत विचारा!"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने ती टिचकी काढली आणि सॉफ्टवेअरला पुन्हा उलगडायला लावलं. पडदाभर नुसता भुसा. आकडे काहीच्या बाही, पडताळा एकही जुळेना. सॉफ्टवेअरच्या मते हा निरोप नव्हताच. म्हणूनच त्याने तो तिला कधी दाखवला नव्हता.

मग तिने ते केलं, जे सात महिन्यांपूर्वी पाच मिनिटांत झालं असतं. अख्ख्या चित्राकडे नीट बघितलं. हवामानकेंद्राचा जाड पट्टा या चित्रात नेहमी उजवीकडे दिसायचा. रोज, बावीस वर्षं, उजवीकडे. या नोंदीत तो डावीकडे होता. चित्र आरशात बघावं तसं उलटं होतं.

"अरे देवा," ती म्हणाली. "वायरी."

तिने केंद्रावर फोन लावून त्या दिवसाची वही बघायला सांगितली. मुख्य रिसिव्हर त्या दुपारी तीन तास दुरुस्तीला उघडलेला होता. त्याच्या जागी राखीव लावला होता. राखीवच्या मागे दोन सारख्या वायरी असतात, सारख्याच रंगाच्या. त्या लावताना अदलाबदल झाली होती. एवढंच. जाड सुराचा बारीक झाला, बारीकचा जाड. 'हो' म्हटलेलं 'नाही' ऐकू आलं आणि 'नाही' म्हटलेलं 'हो'. केंद्रातली घंटासुद्धा त्याच रिसिव्हरवर. ती वाजलीच नाही. तीन तास सगळा किनारा ठार बहिरा होता आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. संध्याकाळी मुख्य रिसिव्हर परत लागला आणि राखीव कपाटात गेला.

सॉफ्टवेअरमध्ये 'उलट' असा एक चौकोन असतो. तिने त्यात टिचकी मारली आणि बटण दाबलं. पडद्यावर सरळ, शहाण्यासारखी ओळ आली. बोटीचा क्रमांक. ठिकाण. चार वाजून बारा मिनिटं. कारण: बुडत आहे.

इंजिनवाल्याने ती ओळ दोनदा वाचली आणि खाली बसला. "मी सांगत होतो," एवढंच म्हणाला. चाळणबाईला लाजेने मान वर करवेना.

तिने पुढची नोंद उलगडली. चार सोळाला हाक. चार वीसला. चोवीसला. अठ्ठावीसला. बत्तीसला. आणि मग चार तेहतीसला आणखी एक. ती थबकली. यंत्र चार मिनिटांशिवाय बोलत नाही. एका मिनिटात पुन्हा हाक गेली, याचा अर्थ कुणीतरी बटणावर बोट ठेवलं होतं.

"तुम्ही तराफ्यावर कधी उतरलात?"

"वीस-बावीसच्या सुमारास." मग त्याला कळलं. रंग उडाला त्याचा. "म्हणजे ते... वरच होते. बटणाशी."

चाळणबाईने कागद लिहून आपल्या खात्याच्या साहेबांपुढे नेला. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त साहेब होता. त्याने कागद वाचला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "असं लिहा, की नव्या पद्धतीने फेरतपासणी केली असता अधिक माहिती हाती आली. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची बावीस वर्षं कशाला मातीत घालता?"

"पद्धत नवी नाही, साहेब. जुनीच आहे. मी वापरली नाही."

"केंद्रवाले अडकतील."

"अडकू देत. मीही अडकतेच आहे की."

"बाई, विचार करा."

"सात महिने तो माणूस खोटारडा म्हणून हिंडतोय, तो विचार कुणी केला?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा चढला की बाहेरचा टायपिंगचा खडखडाट थांबला. कागदावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: 'पहिला अहवाल चुकीचा होता. मी नोंद न पाहता सही केली.' चौकशी पुन्हा उघडली. परवाना महिन्याभरात परत मिळाला. चाळणबाईच्या नावावर ताशेरा आला आणि तिच्या प्रत्येक कागदावर दुसऱ्याची सही लागू लागली. घरी नवऱ्याने विचारलं, "फार लागलं का?" ती म्हणाली, "हो, लागलं. पण लागायलाच हवं होतं." आणि मग ती रडली. नवऱ्याने दुकान उघडायला तासभर उशीर केला.

पण इंजिनवाल्याचं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच दारात. नवा कागद घेऊन तो बहिणीकडे गेला. बहीण आतूनच म्हणाली, "कागद काय, आधी एक होता, आता दुसरा. सरकारी कागदाला कुठे तोंड असतं?" तो परत चाळणबाईकडे आला. "तुम्ही चला. तिला ऐकवा."

रविवारी सकाळी दोघं गेले. तिसरा मजला, अरुंद जिना. वळणावर इंजिनवाला थांबला. "बाई, सातवी पण सांगा. मी उतरलो तेव्हा ते धडधाकट होते, हे तिला कळू दे. लपवू नका."

"तुमच्याविरुद्ध जाईल ते."

"जाऊ दे. अर्धं खरं घेऊन मला तिच्या घरात नाही शिरायचं."

दार अर्धवट उघडलं. बहीण चाळिशीची, गळ्यात शिवणकामाची टेप, बोटात अंगुस्तान. मागे मशीनवर शाळेच्या गणवेशाची एक बाही अडकलेली.

"तुमच्या भावाला खोटं पाडणारा कागद माझा होता," चाळणबाई म्हणाली. "तो चुकला होता. कसा चुकला ते ऐकवायला आलेय."

बहिणीने तिला आत घेतलं. भावाकडे बघितलं नाही, पण दारही लावलं नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. चाळणबाईने कापडाचे तुकडे सारून लॅपटॉप मशीनच्या फळीवर ठेवला आणि पहिली हाक लावली.

"ही चार बाराची. तुमच्या भावाने दाबलेली."

बहीण उभीच होती. चाळणबाईने वायरींचं सांगितलं, टिचकीचं सांगितलं, स्वतःचं काहीही झाकलं नाही. मग एकामागून एक पुढच्या पाच हाका लावल्या. प्रत्येकीच्या आधी वेळ सांगितली.

"आणि ही सातवी. चार तेहतीस. ही यंत्राने आपणहून मारलेली नाही. कुणीतरी बटण दाबलंय. तुमचा भाऊ तेव्हा खाली तराफ्यावर होता."

खोलीत पुन्हा तो आवाज वाजला. बहिणीने मशीनची कड घट्ट धरली.

"म्हणजे हे तोपर्यंत होते. एकवीस मिनिटं." ती दाराकडे वळली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भावाकडे बघून बोलली. "मग उतरले का नाहीत? तू तर म्हणालास, आलोच म्हणाले."

"म्हणाले होते." त्याचा आवाज फुटत होता. "पण उत्तराची टिकटिक ऐकल्याशिवाय ते बटण सोडायचे नाहीत. चाचणीतसुद्धा. उत्तर आलं की नाही ते बघितल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत."

"हट्टी," ती म्हणाली. "भयंकर हट्टी होते." मग चाळणबाईकडे वळून, "उत्तर कुणी द्यायचं होतं?"

"किनाऱ्याने."

"तीन तास किनारा बहिरा. आणि नंतर सात महिने तुम्ही."

"हो. सात महिने मी."

"मी तुम्हाला माफ करणार नाही."

"नका करू," चाळणबाई म्हणाली.

बहिणीने बोटातलं अंगुस्तान काढलं आणि मुठीत धरलं. "दादा, तू चौकशीत तेच सांगितलंस. शेजाऱ्यांना तेच. माझ्या दारात उभा राहून दर रविवारी तेच. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. थापा मारणारा माणूस दर वेळी नवं काहीतरी जोडतो रे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी तुझी बहीण आहे, मला कळायला हवं होतं!"

तो मोठा, रुंद खांद्यांचा माणूस उंबऱ्यातच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. बहीण गेली आणि त्याला खेटून तिथेच जमिनीवर बसली. चाळणबाईने लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली. बाहेर जायची वाट त्या दोघांनी अडवलेली होती. त्यांना उठवायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती मशीनशेजारी तशीच उभी राहिली.